मळईचा पोयटा

पूर उतरला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हौसा नदीवरनं रिकामी घागर घेऊन परत आली. मी भट्टीच्या जागेवर साचलेला गाळ फावड्यानं ओढत होतो. ती घरात न जाता सरळ माझ्याकडं आली, घागर खाली ठेवली आणि म्हणाली,

"तिथं काठ न्हाई."

"कुठं न्हाई?"

"शालनचा."

मी फावडं टाकलं आणि तिच्यामागं निघालो.

आमच्या गावाजवळ कृष्णा इळ्यासारखी वळते. त्या वळणाला सगळे इळाच म्हणतात. इळ्याच्या पाठीला, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला, आमचं गाव. तिथं काठावर माझ्या आज्जाची मडकी भाजायची जुनी जागा होती. फुटक्या खापऱ्यांचा ढीग होता आणि ढिगाच्या अलीकडं एक बाभळ होती. दोन वर्षांपूर्वी त्या बाभळीखाली आम्ही आमची मुलगी पुरली होती.

आता बाभळ नव्हती आणि ढीगही नव्हता. कोयत्यानं ऊस तोडावा तसा काठ उभा तुटला होता. तुटलेल्या मातीत खापऱ्यांचा एक थर दिसत होता आणि खाली तांबडं पाणी गोल फिरत होतं. मी हौसाचा दंड धरला, कारण असा ताजा काठ पायाखालनं कधी जाईल सांगता येत नाही.

"किती गेलं असंल?" तिनं विचारलं.

"ईसभर फूट."

"मग ती गेलीच."

मी तिला काठापासनं दोन पावलं मागं ओढलं.

"नऊ पावलं आत हुती," हौसा म्हणाली. "मी मोजली हुती."

मीही मोजली होती. त्या दिवशी मोजली आणि नंतर दर पावसाळ्याला मोजत आलो. पहिल्या साली सात भरली. दुसऱ्या साली पाच. तिला मी सांगितलं नव्हतं. तीही मोजत होती हे मला ठाऊक नव्हतं.

तिथनं परत येताना ती फक्त एकदा बोलली. "मागच्या साली म्हनलं हुतं तुम्हाला, काठाच्या बुडाला खंगर टाका म्हनून."

खंगर म्हणजे भट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या, काळ्या पडलेल्या विटा. बांधकामाला त्या चालत नाहीत. काठ धरून ठेवायला मात्र चालतात. तिनं म्हटलं होतं हे खरं. मी म्हटलं होतं, पुढच्या साली टाकू. त्या सालचे खंगर मी देवळाच्या पायात भरायला देऊन टाकले.

शालन सात महिन्यांची होती. आम्हाला लग्नानंतर नवव्या वर्षी झालेली. रात्री ताप चढला, पहाटे आकडी आली आणि तालुक्याच्या गाडीची वाट बघत असताना फाट्यावरच ती गेली. घरी आणल्यावर माझ्या आईनं तिच्या तोंडात बोट घालून हिरड्या बघितल्या. हौसा म्हणत होती, "आत्ती, दात आलाय. परवापास्नं माझ्या बोटाला लागतोय. नीट बघा." आईनं पुन्हा बोट फिरवलं आणि मान हलवली. "न्हाई गं पोरी. दात न्हाई."

आमच्यात दात न आलेल्या लेकराला आग देत नाहीत. मातीला देतात. आई ते बघत होती. हौसाला ते कळत नव्हतं. लेकराला दात आला होता एवढंच तिला कुणीतरी कबूल करावं असं वाटत होतं.

बाभळीखाली खड्डा मी काढला. पुरताना घालायचं मीठ केरबा तात्यानं आणलं. तो आमच्या गावचा नावाडी. ज्याला तिथं कुणी न बोलावता यावंसं वाटलं असा तो एकटाच.

काठ गेला त्या सालचा पावसाळा लांबला. दिवाळीनंतर पाणी खाली बसलं आणि एक दिवस केरबा तात्या मुद्दाम भट्टीवर आला. बिडी पेटवली आणि म्हणाला, "बाळकू, निजलायस काय? कृष्णामाईनं तुझ्यासाठी ढीग लावून ठिवलाय."

"कसला ढीग?"

"खालच्या वळनाच्या पोटात मळई पडलीया. नवी. चार बैलगाड्या एका वक्ती उभ्या ऱ्हातील एवढी. पोयटा असा हाय, लोन्यावानी. त्यात खडा घावला तर माझी नाव तुला दिली."

"ती फुटकी नाव घेऊन काय करू?"

"बायकोला फिरवून आन की. ती गरीब आठ-पंधरा दिवस झाली कुनासंगं बोलली न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी ती मळई, म्हणजे पुरानं गाळ टाकून केलेली नवी जमीन, बघितली. तात्या खोटं बोलला नव्हता. आमच्या काठानंच खाली निम्मा कोस गेलं की नदी उलट्या अंगाला वळते. त्या वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं गेल्या साली नुसती वाळू होती, तिथं कंबरभर पोयटा साचला होता. पिवळसर, मऊ, मुठीत धरला की बोटांचे ठसे उठावेत असा. वीट करणाऱ्याला असा पोयटा आयुष्यात दोन-तीनदाच मिळतो. मी तलाठ्याकडनं परवानगी घेतली आणि गाड्या लावल्या.

त्या वेळी दिनकर फौजीचं घर व्हायचं होतं. तो सैन्यातनं सुटून आला होता. थोरल्या पोरीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि लग्नाआधी निदान भिंती तरी उभ्या पाहिजेत असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला शब्द दिला. गुढीपाडवा झाला की पहिली भट्टी तुझी.

हौसा कामावर आली. मी म्हटलं होतं, यंदा तू नको. ती म्हणाली, "घरात बसून काय करू?" चिखल तुडवायला मी आणि दोन गडी. साचा मात्र तिच्या हातात. ती माझ्यापेक्षा भरभर वीट पाडायची. साच्यात गोळा टाकायची, मूठ फिरवायची, वरचा चिखल पट्टीनं काढायची आणि साचा उचलायची. एकीचा कोपरा कधी मोडायचा नाही. ती तशीच पाडत राहिली. बोलणं फक्त नव्हतं.

एक गोष्ट मी बघत होतो. चिखलात मधूनमधून खापरीचा तुकडा निघायचा. खापरी विटेत राहिली की भाजताना वीट तडकते, म्हणून ती काढून टाकतात. हौसा ती फेकत नव्हती. पदरात बांधत होती. मी एकदा विचारलं.

"खापऱ्या कशाला गोळा करतीस?"

"असू द्यात."

मी पुन्हा विचारलं नाही. तीन महिने गेले. कच्च्या विटा उन्हात वाळल्या आणि आम्ही भट्टी रचायला घेतली. थराला थर, मधे उसाची चिपाडं आणि कोळशाचा चुरा. बाहेरनं चिखलाचा हात. पाडव्यानंतर आठ दिवसांत भट्टी तयार झाली. फक्त लावायची राहिली.

भट्टी लावायचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवशी हौसाच्या माहेरची जत्रा होती. माहेर पैलतीरावर. मी म्हटलं, चल, जाऊन येऊ, परत आलो की लावू. ती तयार झाली. केरबा तात्याच्या नावेत आम्ही दोघंच होतो. तात्या वल्हं मारत होता आणि नेहमीसारखा बोलत होता.

नाव मध्यावर आल्यावर हौसानं विचारलं, "तात्या, नदी काठ खाती, ते कुठं ठिवती?"

मी तिच्याकडं बघितलं. एवढं लांब वाक्य ती किती दिवसांनी बोलली होती.

तात्याला बरं वाटलं. "खाती ते पचवती व्हय गं! सासू हाय ती. एका सुनंचं काढून दुसरीला देती."

"तसं न्हवं. खरं सांगा."

"खरं सांगतो." त्यानं वल्हं उचलून वरच्या अंगाला दाखवलं. "त्यो बघ इळा. वळनाच्या भाईरच्या अंगानं पानी पळतं. तिथं ते काठाचं पाय कापतं. पाय गेलं की वरचं धड पडतंय. आतल्या अंगाला पानी पळत न्हाई, दमतं. दमलेला मानूस डोईचं वझं खाली ठिवतो का न्हाई? तसं पानी गाळ खाली ठिवतं. म्हनून एका अंगाला काठ आनि एका अंगाला मळई."

"मग आमच्या काठाचं पलीकडं गेलं?"

"लोकास्नी तसंच वाटतं. पलीकडचं लोक तर लई खूश असत्यात, तुमची जमीन आमच्यात आली म्हनून. तसं न्हाई हुत. हितनं काढलेलं खाली जातं, आनि खालच्या वळनाला ह्याच काठाच्या पोटात बसतं. तुमचंच हाय ते. माईनं ह्या खिशातनं काढलं आनि त्या खिशात ठिवलं."

"म्हंजे आमची मळई."

"व्हय. इळ्याचा काठ म्हंजेच तुमची मळई. म्हनून तर बाळकूला म्हनलं, पोयटा घरचा हाय."

हौसानं पदराची गाठ सोडली आणि एक खापरी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मडक्याच्या गळ्याचा तुकडा होता. त्यावर नखानं मारलेल्या तीन चिरा होत्या. माझा आज्जा प्रत्येक मडक्याच्या गळ्याला अशा तीन चिरा मारायचा. तेवढ्यानं आठवडी बाजारात लोक त्याचं मडकं ओळखायचे. त्या खापऱ्या जगात एकाच ठिकाणी होत्या. बाभळीजवळच्या ढिगात.

"अशा चौदा घावल्या," ती मला म्हणाली. मग तात्याला म्हणाली, "समदंच तिथं बसतं?"

"जड असंल ते आदी बसतं. खापऱ्या, खडं, वाळू. हलकं लांब जातं. अगदी बारीक असंल ते तर कर्नाटकात."

"हलकं म्हंजे किती हलकं?"

तात्यानं वल्हं थांबवलं. तेव्हा त्याला कळलं ती काय विचारतेय. मीठ त्यानंच आणलं होतं. तो माझ्याकडं बघायला लागला. नाव आपली हळूहळू खाली सरकत होती.

"पोरी," तो म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई. मी आपला अडानी मानूस. काय बी बोलतो."

"नाव परत फिरवा," हौसा म्हणाली.

"अगं, जत्रा..." मी म्हटलं.

"तुम्ही जावा. मला परत सोडा."

आम्ही परत आलो. ती नावेतनं उतरून पुढं गेली आणि मी मागनं. वाटेत आभाळ बघितलं. पश्चिमेला, फार वर नाही, काळं जमायला लागलं होतं. चैत्रात असं जमलं की दुपारनंतर वळीव पडतो. कच्च्या विटेवर पाऊस पडला की तिचा चिखल होतो. रचलेली भट्टी एका वळवात बसते, हे मी माझ्या बापाच्या वेळी डोळ्यांनी बघितलंय. उद्याची वाट बघून चालणार नव्हतं. मी गड्यांना हाक मारली.

दिनकर फौजी आधीच येऊन बसला होता. त्यानंही आभाळ बघितलं होतं. "बाळकू, आजच लाव. लगीन दीड महिन्यावर आलंय."

भट्टी पेटवायला मी चिपाडांचा चूड तयार केला. तोवर हौसा भट्टीच्या तोंडापाशी येऊन उभी राहिली.

"लावू नका."

"काय?"

"भट्टी. लावू नका."

"डोकं फिरलंय का? आभाळ बघ."

"बघितलं. पडू द्या. भिजू द्या सगळं. मातीची माती हुईल."

फौजी हसला. "वैनी, माझ्या घराची माती करताय काय?" कुणी हसलं नाही तेव्हा तो गप्प झाला आणि थोडा लांब जाऊन उभा राहिला. गडी पण मागं सरले.

"हौसा, बाजूला हो," मी म्हटलं. "तीन महिनं आपन दोघं राबलोय. तूच पाडल्यास ह्या विटा."

"मला म्हाईत नव्हतं तवा पाडल्या. निम्म्या झाल्यावर चिरंची खापरी घावली. तरी पाडल्या. म्हनलं, आपलीच काय तरी चूक हुत असंल. आज तात्याला विचारलं."

"तात्या काय पंडित हाय?"

"नदीवर जन्म गेलाय त्येचा."

मी आईकडं बघितलं. ती घराच्या पायरीवर बसली होती. "आई, सांग हिला."

आई उठली. "मी काय सांगू," म्हणाली आणि आत गेली. दार लोटून घेतलं.

हौसा मोठ्यानं बोलत नव्हती. तिथं मी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आत्तींनी तिच्या तोंडात बोट घातलं. म्हनल्या, दात न्हाई. दात न्हाई त्या लेकराला आग देत न्हाईत, मातीला देत्यात. मी दिली. माझ्या हातानं दुपट्यात गुंडाळून दिली. आता तुम्ही तिला आग देताय व्हय?"

ती काय म्हणत होती ते मला नीट कळलं होतं, आणि म्हणूनच राग आला. फौजी बघत होता. गडी बघत होते. आभाळ चढत होतं. मी जे बोललो ते आज लिहितोय, कारण ते मी त्यानंतर कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "एवढीशी हुती ती. हलकी. ती ह्या मळईत बसली नसंल. कवाच कर्नाटकात गेली असंल."

हौसा माझ्याकडं बघत राहिली. ती रडली नाही. मग ती बाजूला झाली. मला वाटलं तिला पटलं. ती भट्टीला वळसा घालून मागच्या अंगाला गेली. तिथं रचताना उरलेल्या पाच-पन्नास कच्च्या विटा पडल्या होत्या. तिथं ती जरा वेळ वाकलेली दिसली. नंतर घराकडं गेली. मी चूड पेटवून तोंडात घातला.

वळीव पडला नाही. दुपारी वारा फिरला आणि ढग तसेच पुढं निघून गेले. संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं झालं. त्या आठवड्यात एक थेंब पडला नाही. भट्टी आठ-दहा दिवस सावकाश, निवांत जळली.

विटा चांगल्या निघाल्या. माझ्या हातनं तशा विटा आधी निघाल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. लाल, कोपऱ्याला सरळ, एकमेकींवर मारल्या तर घंटेसारख्या वाजणाऱ्या. खंगर जवळजवळ निघालेच नाहीत. फौजी गावभर सांगत फिरला. त्याच्या पोरीचं लग्न नव्या भिंतींच्या आत झालं. आम्हाला बोलावणं होतं. मी गेलो. हौसा गेली नाही.

त्या दिवसापासून तिनं मातीला हात लावला नाही. कुंभाराच्या घरात ही सोपी गोष्ट नव्हती. ती चूल सारवायलाही शेजारणीला बोलवायची. लोकांनी आधी नावं ठेवली. "कुंभारीण झाली राणी," असं पाणवठ्यावर बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती घागर भरून निघून यायची. पुढं ती दुसऱ्यांच्या घरी शेवया, कुरडया करायला जाऊ लागली. मी भट्टी चालवली. नव्या मळईचा पोयटा पुन्हा घेतला नाही. लांबनं, दुसऱ्या गावच्या शिवारातनं माती आणायचो. तिला तसं सांगितलं नाही. गाड्या कुठल्या बाजूनं येतात ते तिला दारातनं दिसत होतं.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. आम्ही वाईट राहिलो असं नाही. ती मला वेळेवर भाकरी घालायची, मी आजारी पडलो तर रात्र रात्र बसायची. मी तिला दोनदा तुळजापूरला नेलं. आम्ही सगळ्यावर बोलायचो, पावसावर, भाच्यांच्या लग्नांवर, आई गेली तेव्हा आईवर. त्या दिवसावर अठ्ठावीस वर्षं बोललो नाही. मी बोलायचं ठरवायचो. एकदा नावेत बसल्यावर अगदी तोंडावर आलं होतं. पण तात्या होता. पुढं पूल झाला, नाव बंद झाली आणि तात्याही गेला.

हौसाला पोटाचं दुखणं झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिला घरी यायचं होतं म्हणून आणली. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तिनं मला खाटेजवळ बोलावलं.

"फळीवर, पितळेच्या डब्यांच्या मागं एक गठुडं हाय. काढा."

मी काढलं. जुनं दुपटं होतं, गाठ मारलेलं. जड होतं. सोडल्यावर आत वीट निघाली. कच्ची. पिवळसर पोयट्याची. एक कोपरा जरा झिजलेला, बाकी शाबूत. वर पाच बोटांचे ठसे होते. ओल्या विटेवर असे ठसे उठतात. वाळलेल्या विटेवर उठत नाहीत. म्हणजे तिनं ती वीट भट्टी लावायच्या कितीतरी आधी, पाडतानाच ओळख ठेवून बाजूला काढली असणार. त्या दिवशी मागच्या अंगाला वाकून तिनं फक्त ती उचलली.

दुपटं शालनचं होतं. दुसरं. एक तिच्याबरोबर गेलं होतं.

"हिला आग लागलेली न्हाई," हौसा म्हणाली. "तेवढी एक ठिवली."

मी खाली बसलो. म्हटलं, "हौसा, मी त्या दिवशी..."

"राहू द्या. ऐका. हिला पुरा. पन नदीकाठाला नको. पानी यायचं न्हाई अशा जागी पुरा. पुन्हा कुठं जायाला नको तिनं."

"पुरतो."

"जागा बघून पुरा. घाई करू नका."

तेवढंच बोलली. त्याच्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. तिला मी आग दिली. तिचे सगळे दात शाबूत होते.

याला आता बरीच वर्षं झाली. जागा बघत होतो. आमच्या गावात पाणी येत नाही अशी जागा नाही हे तोवर मला नीट माहीत नव्हतं. एकोणीस सालच्या महापुरात ते कळलं. ज्या परड्यात पुरावी असं मी मनात धरलं होतं तिथं दोन पुरुष पाणी होतं. होडी दारात आली तेव्हा मी वीट मांडीवर घेऊन बसलो. होडीतल्या जवानानं विचारलं, "आजोबा, सगळं घर सोडून वीट कशाला घेतलीत?" मी म्हटलं, "माझी आहे." त्यानं वर प्लास्टिकचा कागद घातला. ओली होऊ नये म्हणून मी तीन दिवस ती शाळेच्या वर्गात बाकावर, उशाला ठेवली. दिनकर फौजीच्या घरात त्या पुरात खिडकीपर्यंत पाणी होतं. शेजारची दोन घरं बसली. त्याच्या भिंती उभ्या राहिल्या.

पूर उतरल्यावर मी वरच्या माळावर गेलो. तीन कोस. तिथं कधी पाणी गेलेलं नाही आणि जाणारही नाही. नुसता मुरूम आहे. बरोबर कुदळ नेली होती. वय झालंय, त्यामुळं खड्डा काढायला अर्धा दिवस लागला. मीठही नेलं होतं. खड्डा झाल्यावर पिशवीतनं वीट काढली आणि दोन्ही हातांत धरली. आयुष्यभर विटा उचलल्या, पण एक वीट अशी दोन हातांत, उभं राहून, काहीच न करता कधी धरली नव्हती. शालन जन्मली तेव्हा सुइणीनं ती अशीच माझ्या हातावर ठेवली होती. वजनही तेवढंच होतं.

हलकी नव्हती.

मग खड्डा तसाच बुजवला आणि वीट घरी घेऊन आलो. ती फळीवर आहे, पितळेच्या डब्यांच्या मागं, त्याच दुपट्यात. पुरायची अजून राहिली आहे.